आजचा सुविचार

निंबजवळ्याच्या शाळेला खोल्या तीन.
एकीत तांदळाची पोती,
उरलेल्या दोन्हींत सात वर्ग, पाठीला पाठ लावून.
इकडं पंधराचा पाढा, तिकडं पानिपत,
म्हणून मला अजून वाटतं
त्या लढाईत पंधरा पाचे पंच्याहत्तर माणसं पडली.

ओसरीवर एक फळा होता, कोपरा उडालेला.
वर पिवळ्या रंगात कायमचं: आजचा सुविचार.
खालचं रोज बदलायचं,
ते काम माझ्याकडं,
कारण माझं अक्षर चांगलं.
दैवशालाचं माझ्याहून चांगलं होतं,
पण तिला परिपाठाआधी
हापशावरून दोन घागरी आणाव्या लागत.

सुविचारांचं पुस्तक होतं, वर्षभर पुरेल एवढं.
दिवाळीच्या सुट्टीत वाळवीनं ते खाल्लं,
संयमापासून स्वावलंबनापर्यंत.
"सर, आता?"
मुळजकर सरांनी खडूचा डबा पुढं केला.
"मनानं लिही. खाली कुणाचं नाव टाकू नको,
म्हणजे भांडण नको."

मग मी मनानं लिहू लागलो.
उसनं खोडरबर परत द्यावे.
चप्पल नसली तर खाली बघून चालावे.
हापसा एकट्याने हापसू नये.
एकदा लिहिलं, वेळेवर यावे,
आणि नेमकी त्याच दिवशी औशाची एसटी
मधेच बंद पडली.
सर चालत आले, साडेअकराला,
गुडघ्यापर्यंत धुळीची पँट.
फळ्यापुढं थांबले. वाचलं.
आत जाऊन मस्टरवर
आपल्याच नावापुढं लाल शाईनं वेळ लिहिली.
आम्ही कुणी हसलो नाही.
हसायचं असतं हे सुचलंच नाही.

फेब्रुवारीत तपासणी आली.
पटावर एकसष्ट. वर्गात चव्वेचाळीस.
सतरा जण आईबापासोबत
बिदरकडच्या वीटभट्ट्यांवर,
पण वहीत मात्र रोज हजर,
एक दिवस सर्दी नाही की पडसं नाही.
आदल्या संध्याकाळी बिराजदार हेडमास्तरांनी
राहिलेले रकाने भरायला मलाच बसवलं होतं.
सतरा ओळी. चांगल्या अक्षरात.

सकाळी हातानं आपलं आपणच लिहिलं:
खरे बोलावे.
हेडमास्तरांनी पाहिलं. रागावले नाहीत.
ओलं फडकं दिलं हातात.
मी पुसलं. फळा काळाभोर,
नुकत्या धुतलेल्या वांग्यासारखा.

साहेब जीपमधून उतरले तेव्हा उन्हं ओसरीवर आली होती.
"आज सुविचार नाही?"
कुणी बोलेना.
पहिलीतला मस्तान पिंजारी,
काना-मात्रा परवाच शिकलेला,
टाचा उंचावून, फळ्याला बोट लावून,
एकेक अक्षर, मोठ्यानं:
ख... रे.
बो... ला... वे.

फळा वाळला होता.
ओल्या फडक्यानं पुसलेलं
वाळल्यावर वर येतं,
खडू धरणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं.
मलाही होतं.
मी दुसऱ्यांदा फडकं फिरवलं नव्हतं,
मुद्दाम की विसरून,
हे मला आजही सांगता येत नाही.

मुळजकर सर पुढं झाले.
"चव्वेचाळीस, साहेब," म्हणाले.
नुसता आकडा.
हेडमास्तर कपावरची बशी
सारखी करत राहिले.

त्या दिवशी खिचडीची खरवड
सरांनी मस्तानला दिली, आख्खी.
त्याला वाटलं, वाचता आलं म्हणून.
बरोबरच होतं त्याचं.
जूनमध्ये सरांची बदली झाली,
त्याच कारणानं की दुसऱ्या,
गावात दोन मतं.

माझं अक्षर अजून चांगलं आहे.
तहसीलच्या फायलींना ते लागतं,
वरचे लोक नावाजतात.
कुठं कुठं लिहिलंय ते विचारू नका.
एवढंच सांगतो,
लिहून झालं की मी फुंकर मारतो
आणि शाई वाळेपर्यंत
कागदाकडं बघत राहतो.