घडी

माझं नाव सुपडू.
माझ्याआधीची दोघं पाळण्यातच गेली,
म्हणून आईनं मला सुपात घालून
उकिरड्यावर लोटलं,
आणि दुसऱ्या कुणाचं उचलावं तसं उचललं.
मरणाला वाटलं, टाकलेलं पोर, कशाला न्या.
तेव्हा पडण्याशी आपली ओळख जुनी.
बाकी विमानात मी कधी बसलो नाही.

बावीस वर्षं आग्र्याला पॅराशूटच्या घड्या घातल्या.
लांबच लांब टेबल, अठ्ठावीस दोऱ्या,
दोऱ्या लावताना बोलायचं नाही,
घरचं पत्र आलेलं असलं तरी आठवायचं नाही.
शेवटी लाल दोरा, त्याला शिशाचा शिक्का,
कार्डावर सही.
एखाद्या शनिवारी साहेब यायचा,
हाताला येईल ती पिशवी उचलायचा:
तूच बांधलीस ना? मग तूच घाल, चल.
माझी पाळी आली तेव्हा धुकं पडलं.
विमान उडालं नाही.
धुकं मी रात्रभर मागितलं होतं,
हे बायकोलाही सांगितलं नाही.

मग शिरपूरला दुकान. गणवेश, पिको, फॉल.
तिथं आली कॅप्टन वैजयंता बडगुजर,
दोंडाईच्याची, बाप मिरचीच्या बाजारात मापाडी.
म्हणाली, काका, एक्केचाळीस हजार फुटांवरून पडायचंय.
आपल्यातली बाई इतक्या वरून कुणी पडली नाही.
घडी तुमच्या हातची पाहिजे.
मी विचारलं, कशासाठी गं?
तर म्हणे, लहानपणी मिरचीच्या ढिगावर उड्या मारायचे,
बाबा ओरडायचे.
एवढंच सांगितलं. मला पुरलं.

मे महिना. पहाटे चारलाच धावपट्टी तव्यासारखी,
आणि ही बाई अंगावर पाच थर चढवून,
नळीतून प्राणवायू ओढत दोन तास बसलेली.
खाली बेचाळीस, वर उणे छप्पन्न.
मी लाल दोरा चाचपला. पुन्हा चाचपला.
फुगा सुटला, लोंबता, दुधी भोपळ्यासारखा,
वर जाता जाता गोल होत
सातपुड्याच्या डोक्यावर टिकलीएवढा.

ती नंतर सांगायची:
वर आवाज नसतो, काका.
कपडा फडफडत नाही, वारा कानाला लागत नाही,
आपण पडतोय हे खरंच वाटत नाही.
आभाळ दौतीतलं, आणि तापी खाली
कुणीतरी विसरलेला टाका.
मग अंग जात्यासारखं गरगरायला लागलं,
छोटी छत्री उघडली, तिनं धरलं.
मी बाबांसारखं मोजत राहिले,
लाभ, दोन, तीन, चार...

मी खाली मोजत होतो.
वर बघितलंच नाही, हातांकडे बघत होतो.
एकशे एकाहत्तरला कुणीतरी ओरडलं, उघडली!
हात मग फार वेळ थरथरले,
टेबलावर बावीस वर्षांत कधी थरथरले नव्हते.

वाऱ्यानं तिला पांझरेच्या वाळूत नेलं,
टरबुजांच्या वाडीत, वेलांवर.
राखणीला बसलेली म्हातारी जवळ आली:
कथाईन उनी वं माय तू?
हिनं बोट वर केलं.
म्हातारीनं वर पाहिलं, हिच्याकडे पाहिलं,
मंग तहान लागनी व्हई, म्हणाली,
आणि गुडघ्यावर आपटून टरबूज फोडलं.

पेपरात तिचा फोटो आला, म्हातारीचा नाही, माझा नाही.
पुढच्याच्या पुढच्या वर्षी कुणी एक पोरगी
आणखी चार हजार फूट वर गेली.
वैजूचा फोन आला, हसत होती:
काका, आपला आकडा खाली पडला,
तोही सुखरूप.

कार्ड माझ्या मशीनच्या खणात आहे, बॉबिनांजवळ.
बांधणाऱ्याच्या रकान्यात सुपडू झिपरू शिंपी.
गेल्या दिवाळीत ती आली तेव्हा
धुक्याचं तिला सांगून टाकलं.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, त्या पहाटे मीही मागत होते, काका.
वारा. उड्डाण रद्द होण्यापुरता.
नाही मिळाला,
आणि गणवेशांच्या ढिगावर बसून
चहा प्याली.