सावरीचं काय करायचं

कर्वे रस्त्याला, हार्डवेअरच्या दुकानावर, तिसरा मजला.
मंगळवारी चार वाजता फळ्यावर एकच ओळ होती:
दुसऱ्या भागात सावरी हवी की नको?

नको, रेवण लांडगे म्हणाला.
भोसरीचा माणूस, शड्डू ठोकूनच बोलतो.
नव्वद लेव्हलची बाई आहे ती.
एका फुंकरीत पूल पाडते,
अजगराला त्याच्या भाषेत शिव्या देते.
तिला परत पहिल्या गावात, हातात काठी देऊन,
कोठारातले उंदीर मारायला लावणार?

ओजसकडे उपाय होता.
जहाज फुटतं. ती किनाऱ्यावर शुद्धीवर येते.
तिला काहीच आठवत नाही.
सगळे गप्प झाले,
कारण हे सगळ्यांनीच कुठे ना कुठे आधी खेळलेलं होतं.

तब्बसुमनं मान वर केली नाही.
ती पॅडवर भुवईवरचा व्रण काढत होती,
चार वर्षं काढत आली तसाच, तीन रेघांत.
कुठे लागलं तेच विसरणार असेल, ती म्हणाली,
तर हा मी काढू कशाला?

संवाद मी लिहिते.
अकरा हजार वाक्यं सावरीच्या तोंडी घातली आहेत,
त्यातली निम्मी कुणी ऐकली नाहीत,
लोक बटण दाबून पुढे जातात.

तिच्या तलवारीचा आवाज आम्ही तांबट आळीतून आणला होता.
कशासाठी हवाय, म्हातारबुवांनी विचारलं.
एका मुलीच्या तलवारीसाठी, म्हटलं.
मग त्यांनी हातोडी बदलली,
पातेलं फिरवून घेतलं,
आणि जरा हलक्या हातानं ठोकलं.

माझी अडचण लेव्हलची नव्हती.
शेवट तीन होते.
कुणी तिला गादीवर बसवलं.
कुणी तलवार विहिरीत टाकून तिला चालतं केलं.
आणि कुणी तिच्या हातून धरणाचं दार उघडलं:
शत्रू बुडाला, खालची सात गावंही.
पुण्यात बसून असलं लिहू नकोस, आई म्हणाली होती.
एकसष्टच्या पाण्याची रेघ
तिच्या घरी दिव्याच्या बटणाच्या वर होती.
मी तरी लिहिलं.

आता सावरीला परत आणायचं
तर त्यातला एक शेवट खरा ठरवायचा,
आणि बाकीच्यांना सांगायचं,
तुम्ही केलंत ते झालंच नाही.

हडपसरच्या एका नर्सचं पत्र आहे माझ्या खणात.
वहीचा कागद, निळी शाई.
दार मी उघडलं, तिनं लिहिलंय.
नाइट ड्यूटीहून आले होते, चुकून नव्हे, विचार करून.
दोन दिवस जेवण गेलं नाही.
पुढच्या भागात ते पुसू नका.
माझ्या हातून झालंय, ते राहू द्या.

हे मी बैठकीत वाचलं नाही.
निर्णय पुढच्या मंगळवारी, असं ओजसनं टिपून घेतलं
आणि सगळे चहाला उतरले.

रात्री घरी जुनी फाइल उघडली.
सावरी धरणाच्या भिंतीवर उभी होती,
मी सोडली होती तिथंच.
दर अकरा सेकंदांनी
एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेते,
थोडी कलते, सावरते.
खेळ संपलाय हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

मग मी एक कोरं पान घेतलं.
नवा पोरगा, लेव्हल एक, हातात काठी.
वाटेत नदी, नदीवर होडी,
होडीत भुवईवर व्रण असलेली बाई.
नाव सांगत नाही.
काम देत नाही, बक्षीस देत नाही.
वल्ह्याला हात घालण्याआधी एवढंच विचारते:
पोहता येतं का रे तुला?

राणी होती तरी तिनं हेच विचारलं असतं.
सगळं सोडून निघाली होती तरी.
दार उघडलं होतं,
तर दुसरं काय विचारणार होती?

उद्या रेवणला गाठायचं आहे.
हे एक वाक्य
बटण दाबून ओलांडता येणार नाही,
असं करता येईल का?