मालाचे वर्णन

होडी अठरा फूट लांब, आठ फूट दोन इंच रुंद.
ट्रकचा हौदा साडेसात.
मधले आठ इंच यासीन फणसोपकर तीन दिवस
फिरून फिरून मोजत होता,
जसा काही ट्रक रात्रीतून वाढणार.
चौथ्या दिवशी म्हणाला, बाय, पाना आण.

मग खाडीकाठी, उंडीच्या सावलीत
तिला सोडवायला घेतली.
आधी शीड, मग डोलकाठी,
मग दोन अंगांमधली जाळी
(परवापर्यंत यासीनची पोरं तिच्यावर पालथी पडून
खालून पळणारं पाणी बघायची),
शेवटी आडव्या दांड्यांचे बोल्ट,
खाऱ्या हवेनं जागच्या जागी चावून बसलेले.
एकेकाला खोबरेल पाजावं लागलं.

मी हिशेब ठेवणारी. माझ्या हातात मार्कर.
डावा पुढचा एक. डावा पुढचा दोन.
उजवा मागचा.
वॉशर श्रीखंडाच्या डब्यात,
डब्यावर पट्टी : हरवू नये.

रात्री ई-वे बिल भरलं.
वाहतुकीचा प्रकार : रस्ता, रेल्वे, विमान, जहाज.
बोट आपसूक जहाजावर गेलं.
मागे घेतलं.
अंतर : सोळाशे किलोमीटर.
मालाचे वर्णन :
इथे होडी लिहिलं, आणि खिडकीतून पाहिलं.
अंगणात होडी नव्हती.
सुटे भाग, असं लिहिलं.

पाण्यानं गेली असती तर कन्याकुमारीला वळसा घालून
महिन्याभरात चिल्क्याला लागली असती कदाचित.
पण मे सरत आलेला, वारा फिरलेला,
आणि बेहेरांनी पैसे आगाऊ भरलेले.

तंगवेलू रत्नागिरीत फरश्या उतरवून
परतीचं भाडं शोधत होता.
चिल्का त्याच्या वाटेवर नाही, तरी आला.
दोन्ही अंगं हौद्यात शेजारी शेजारी निजवली,
मधे भाताचा पेंढा, जेमतेम वीतभर.
पाण्यात इतकी जवळ ती कधीच नव्हती.
दोरखंड आवळताना तो म्हणाला,
अक्का, आमच्याकडे कट्टू म्हणजे बांधणं,
मरम म्हणजे लाकूड.
तुम्ही तर सगळं सोडूनच ठेवलंय.
यासीननं त्याला बिडी दिली. उत्तर दिलं नाही.

तळेऱ्यापर्यंत आम्ही स्कूटरवरून मागे मागे.
सड्यावर काजूची बोंडं सडून पडलेली,
एका गतिरोधकावर मागच्या बुचातून
खाडीचं उरलंसुरलं पाणी गळलं,
डांबरावर दहा-बारा पावलं ओली रेघ,
मग तीही सुकली.
तिठ्यावर चहा घेतला.
यासीन स्वतः घाटावर कधी गेलेला नाही.
होडी गेली.
करूळच्या पहिल्या वळणापर्यंत
तिची दोन टोकं आभाळाकडे रोखलेली दिसली असती,
पण आम्ही तोवर मागे फिरलो होतो.
त्याला भरतीच्या आत कालवं काढायची होती.

सहाव्या दिवशी बेहेरांचा फोन.
सगळं पोचलं. डबासुद्धा.
पण भोकं भोकांना जुळत नाहीत,
दांडा लागत नाही,
तुम्ही दुसऱ्याच होडीचे भाग पाठवलेत का?

मी वही काढली, एकेक बोल्ट वाचला.
अर्ध्या तासानं कळलं :
डावा-उजवा मी काठावरून लिहिला होता,
तिच्या तोंडासमोर उभी राहून.
ते तिच्यात बसून वाचत होते.

अदलाबदल करा, म्हटलं. मग जुळलं.

यासीन हसेल असं वाटलं होतं.
तो रंधा मारत राहिला.
म्हणाला, किती वर्षं झाली बाय, आपल्याकडे?
अकरा.
मग पुढच्या वेळेला आत बसून लिही.

शेडमध्ये नवीन होडीचं एकच अंग झालेलं,
लाकडाला अजून रंगाचा वास नाही.
तो जेवायला गेल्यावर
मी चपला काढल्या, आत जाऊन बसले.
खाडी उजवीकडे आली.