लाभ

मोंढ्यात मोजताना एक म्हणत नाहीत.
पहिलं माप ओतलं की मापाडी म्हणतो, लाभ.
मग दोन, मग तीन.
बत्तीस वर्षं मी असंच मोजत आलो,
तूर, हरभरा, सोयाबीन,
लोकांचं वर्षभराचं सगळं.

आता समोर औषधाच्या बाटलीचं टोपण.
त्यात मुगाचं पाणी, दोनदा गाळलेलं.
डॉक्टर म्हणाले, पाव तासात एवढंच, घोट घोट.
पायली, अधोली, शेर, मापटं,
चिपटं, निळवं, कोळवं.
मला पाठ असलेल्या मापांत
एवढ्या लहानाला नाव नाही.
ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं
तेव्हासुद्धा इतकं मोजून प्यालो नव्हतो.

लाभ.
थांबायचं. आत काय होतंय ते ऐकायचं.
छातीखाली कुठंतरी घोट उभा राहतो,
दार उघडायची वाट बघत.
दोन.

पोटावर पाच भोकं आहेत,
हमालानं पोत्याला हूक लावावा तशी.
दुखतं मात्र खांद्यात.
हवा भरलीय म्हणतात, चाला.
रात्री अडीचला मी गल्लीत फेऱ्या मारतो.
पहिल्या दिवशी कुत्री भुंकली,
आता सोबत येतात.

भेटायला येणारा दारातूनच विचारतो, जेवलास का?
आणि जीभ चावतो.
नागनाथ म्हणाला, "मन्मथ, पैसे देऊन उपाशी राहायलास की रे!
कामून कापून घेतलं चांगलं पोट?"
मी हसलो. हसलं की टाके ओढतात.
त्याला काय सांगू,
झोपेत माझा श्वास थांबायचा
आणि महानंदा अंधारात बोटं मोजत बसायची.
एका रात्री वीसपर्यंत गेली.
सकाळी मला न विचारता
तिनं दवाखान्यात नंबर लावला.

भूक लागत नाही, हे नवल.
जिभेला मात्र कोणी कळवलेलं नाही.
सातव्या दिवशी शेजारून येसराच्या आमटीचा वास आला,
आणि एकावन्न वर्षांचा मी
पांघरूण तोंडावर घेऊन रडलो.
आमटीसाठी.
कोणी गेल्यावरही एवढा रडलो नसेन.

काल चालत मोंढ्यात गेलो.
इस्माईलनं काट्यावरचा कट्टा उतरवला,
म्हणाला, चढा.
भरती झालो तेव्हा एकशे सदतीस.
काल एकशे अठ्ठावीस.
"घट नऊ किलो," तो ओरडला,
सगळ्या आडतीला ऐकू जाईल असं.
घट सांगितली की समोरचा चेहरा पडतो,
हे मी आयुष्यभर पाहिलं,
आणि काल सगळे टाळ्या वाजवत होते.
मला आनंद व्हायला पाहिजे होता.
चक्कर आली, पोत्यावर बसलो.
नऊ किलो कोण होतं,
माझ्यातलं काय उतरवून घेतलं,
असलं काहीतरी डोक्यात येत राहिलं.
इस्माईलनं टोपणभर ताक दिलं.
घाईत प्यालो, तिथंच ओकलो.

घरी मागच्या दारानं आलो.
मोरीपाशी महानंदा उभ्यानं खात होती,
शिळी भाकर, वर ठेचा,
पाठ माझ्याकडं.
तेव्हा ध्यानात आलं,
बारा दिवस झाले,
घरात भाकरी थापल्याचा आवाज नाही.
तिनं घाईनं पदराला हात पुसले,
चोरी पकडल्यासारखे.

आज मी सांगितलं, तवा ठेव.
नको म्हणाली. पुन्हा सांगितलं.
परातीवरचे थापे ऐकले.
भाकर फुगली,
पापुद्र्यातून वाफ निघाली,
तोंडाला पाणी सुटलं, सुटू दिलं.
म्हटलं, समोर बैस. बसून खा.
ती कितीतरी वेळ भाकरीकडं बघत राहिली,
मग माझ्या टोपणाकडं.

मग तिनं कोर मोडली,
आमटीत बुडवली,
तोंडात घातली.

मी म्हणालो, लाभ.