प्रश्नाचं शेपूट

बैल दातांवरून पारखायचा, बिर्जे सर म्हणायचे,
प्रश्न शेपटावरून.
"वाक्य जिथं संपतं तिथं आधी बघ.
हुकूम देणारा तिथं बसलाय.
इंग्रजी पेपरात तो दारातच उभा असतो,
आपल्यात आणि कन्नडात परसाकडं."

खानापूरची शाळा, दहावी ब,
खिडकीतून दिसणारी मलप्रभा, उन्हाळ्यात गुडघाभर.
मी पश्चिम घाट लिहिला होता, दोन पानं:
पाऊस, सागवान, गवे, जांबोटीचं धुकं,
मामाच्या काजूच्या बागेसकट.
चारपैकी एक.
पूर्व घाट बिचारा बाहेर ताटकळत,
त्याला आत बोलावलंच नव्हतं मी,
आणि शेपूट होतं: तुलना करा.

"काय लिहूलालास रे हे?
बाप तुझा कौलांच्या भट्टीवर ना?
गिऱ्हाइकानं शंभर कौलं मागितली
तर शंभर मोजून देतो
की मातीची हकिकत सांगत बसतो?"
वर्ग हसला. मीही हसलो.
बाप खरं तर हकिकत सांगायचाच,
आणि वाटेत फुटतील म्हणून वर दोन कौलं द्यायचा.
सरांना हे बोललो नाही.
कुणी विचारलं नव्हतं.

मग एक वही झाली, शंभर पानी, निम्मी कोरी.
नावे लिहा म्हटलं की नुसती नावं,
कुणाची सोयरीक सांगायची नाही.
कारणे द्या: गावभर फिरून येऊ नको,
'कारण' म्हण आणि आत शिर.
स्पष्ट करा, म्हणजे धाकट्या बहिणीला समजेल असं,
आणि ती 'मग?' म्हणाली तर आणखी एक ओळ.
थोडक्यात.
इथं सर खडू हातात धरून जरा वेळ उभे राहिले.
"थोडक्यात म्हणजे, जे टाकवत नाही तेवढंच."

कन्नडच्या पेपरात होतं: बिट्ट स्थळ तुंबिरि.
मी विचारलं, सर, मराठीत नुसती रिकामी जागा,
कन्नडात सोडलेली.
म्हणजे तिथं आधी कुणीतरी होतं?
सर म्हणाले, "बरोबर."
आणि पुढच्या प्रश्नाकडं गेले.

आता मी तहसील कचेरीच्या बाहेर बसतो,
छत्री, स्टूल, दोन भाषांतले अर्ज.
मल्लव्वा सगळं सांगते: नवरा, दीर, म्हैस,
विहिरीवरून झालेलं भांडण,
ते कोणत्या अमावास्येला झालं तेही.
रकाना दोन बोटांचा.
विळंबद कारण, थोडक्यात.
जे टाकवत नाही तेवढंच लिहितो,
तरी रोज काहीतरी टाकतोच.
संध्याकाळी घरी जाताना ते पायात येतं.

सरांना शिमग्याच्या सुमारास अर्धांगाचा झटका आला.
नामं राहिली, क्रियापदं गेली.
"पाणी," म्हणतात. "चादर." "रेणुका."
शेपूटच नाही.
द्या, की काढा, की बोलवा,
की नुसतं आठवलं म्हणून?
रेणुकाताई दिवसभर ओळखत बसते
आणि चुकली की तिकडं वळून डोळे पुसते.

परवा मी गेलो तर म्हणाले, "खिडकी."
उघडली. मान हलवली, नाही.
लावून घेतली. नाही.
पुन्हा उघडली, पडदा सारला,
पुसली सुद्धा माझ्याच रुमालानं.
"खिडकी," सर म्हणाले, वर्गात म्हणायचे तशा आवाजात,
वही पुढ्यात फेकायच्या आधीच्या.

मग मी खुर्ची ओढली आणि वर्णन केलं.
जांबोटीची बस लागलीय सर, पाटी कन्नडात,
कंडक्टर खाली उतरून मराठीत ओरडूलालाय.
भट्टीच्या चिमणीला धूर नाही.
दोघी पोरी भिंतीला टेकून
एकाच पुस्तकात बघताहेत,
एक जण बोटानं ओळ धरून,
बोट ओळीच्या शेवटाला थांबलंय.

सरांनी डोळे मिटले होते.
मग चालणारा हात वर केला,
तीन बोटं.

चारपैकीच असणार.
एक कुठं कापला ते विचारायला तोंड उघडलं
आणि बसची वेळ झाली म्हणून उठलो.