दर दहा सेकंदांनी

फतेहगंजातली दुसऱ्या मजल्यावरची खोली,
पंखा एकच, तोही कॉम्प्युटरसाठी.
पडद्यावर आठवीतली चार मुलं
वर्तमानपत्राच्या सुरळ्यांचा पूल बांधतायत
आणि मी नि गुप्ते
दर दहा सेकंदांनी त्यांना थांबवून
लिहितो, कुणाला काय वाटलं.

तक्त्यात रकाने सहा.
आनंद, राग, कंटाळा, भीती, लाज,
सहावा 'सांगता येत नाही'.
तो शक्यतो वापरू नका, म्हणाल्या मॅडम.

चौथ्या मिनिटाला ध्रुमिलची चिकटपट्टी संपते.
शाहिस्ता आपल्या बोटावरचा तुकडा
त्याच्यापुढे धरते, बघते भलतीकडेच.
'लाव ने,' म्हणतो तो, आणि घेतो.

गुप्ते लिहितो, राग.
मी लिहिते, लाज.
आमचं जुळणं आजवर शेकडा एकाहत्तर,
ऐंशी लागतं.
आणि तुकडा दोन बोटांच्या मधे असताना
जे काही होतं, ते
कुणाच्या नावापुढे मांडायचं?

'विश्वामित्रीतली मगर बघ,' गुप्ते म्हणतो,
'पुलावरून दिसतात दोन डोळे.
उरलेली लांबी आपण अंदाजानं धरायची.'
हे तो मला सांगतो की स्वतःला, कळत नाही.
परवापासून तो सेवउसळ खायला एकटाच जातो.
मी विचारलेलं नाही.

पुन्हा लाव, म्हणते मी.
पुन्हा.
अकराव्या खेपेला दिसते ओजस्वी पागे,
चौकटीच्या अगदी कडेला,
मांडीवर एक सुरळी घेऊन बसलेली.
ती सुरळी कुणी मागितलीच नाही तिच्याकडे.
ती त्या दोघांच्या बोटांकडे बघतेय,
आमच्यासारखीच.

मागे जाऊन तिची ओळ तपासली,
तर दोघांनीही सलग चार मिनिटं
लिहिलंय, कंटाळा.
इथे मात्र शंभर टक्के जुळलं होतं.

पुढे पूल कोसळतो, सगळे हसतात.
ओजस्वी हसते जरा उशिरा,
आधी तिघांचे चेहरे बघून.
सुरळी अजून मांडीवरच.

गुप्ते खोडरबर माझ्याकडे सरकवतो.
'लिही.'
'काय?'
'वाटतंय ते.'
'तिला?'

तो खिडकीबाहेर बघतो.
खाली कुणीतरी स्कूटरला किक मारतंय, लागत नाहीये.
पडदा थांबलेला,
दहा सेकंद केव्हाच होऊन गेलेत.