बटाट्याच्या वाफ्यातली बशी

लडलोपासून अकरा मैल,
शेवटच्या बसथांब्यापासून वीस मिनिटांचा चढ.
घर घेतलं तेव्हा वुल्व्हरहॅम्प्टनच्या मैत्रिणी म्हणाल्या,
साठीनंतर कुणी चिखलात जातं का गं?

जातं. मी आले.
तेहेतीस वर्षं दुसऱ्यांचे ताप मोजले,
आता मातीचा मोजते.
मार्चमध्ये मूठभर उचलायची, वळायची,
लाडू झाला तर अजून थांब,
रव्यासारखी बोटांतून सुटली तर पेर.
हे काही नर्सिंग कॉलेजात शिकवलं नव्हतं.

घराचंही असंच, त्याच्या कलाने घ्यावं लागतं.
मागचं दार ओल धरून फुगतं,
त्याला खांदा लावायचा, शिव्या नाही.
चुलीतली राख रोज काढायची,
निवली की कांद्याच्या वाफ्यात.
दिगंबर छपराच्या पाट्यांची नोंद ठेवतो वहीत,
डेपोत टायरांची ठेवायचा तशी.
वादळाच्या दुसऱ्या दिवशी दुर्बीण लावतो,
आणि चहाला येऊन सांगतो, सगळ्या हजर.
एकदा दोन रजेवर होत्या.
त्या दिवशी तो जेवला नाही नीट.

शेजारचा आयव्हर प्रीस, वय चौऱ्याऐंशी,
पहिलं वर्षभर कुंपणावरून एकच शब्द बोलला: ड्रेनेज.
दुसऱ्या वर्षी रूबार्बचा गड्डा घेऊन आला
वर्तमानपत्रात, बाळंतिणीकडून मूल आणावं तसा.
यंदा तोडायचा नाही, म्हणाला.
नाही तोडला.
पुढच्या वर्षी गूळ-वेलदोडा घालून मुरांबा केला,
एक बरणी त्याला.
आठवड्याने बरणी परत आली, लख्ख धुतलेली,
आत मूठभर घेवड्याचं बी, जांभळं, काळ्या ठिपक्यांचं.
रिकामं भांडं परत करू नये
हे त्याला कुणी सांगितलं असेल?

रात्रपाळी मात्र सुटली नाही.
दहा वाजता टॉर्च, बादली, गमबूट,
कोबीच्या वॉर्डात माझी फेरी.
गोगलगायी पानाखाली चिकटून असतात
औषध चुकवणाऱ्या म्हाताऱ्यांसारख्या.
मी त्यांना ओढ्यापलीकडे नेऊन सोडते.
परत येतात, हे मला ठाऊक आहे.
आयव्हरला सांगू नका.

आणि मग ती बशी.
पहिल्यांदा बटाटे काढताना नखाएवढा तुकडा वर आला,
पांढऱ्यावर निळी नक्षी, बहुतेक वेलीचं टोक.
खिडकीत ठेवला.
सात वर्षांत अकरा तुकडे.
परवा त्यातले दोन एकमेकांना लागले,
निळी वेल बोटभर पुढे सरकली.
दिगंबरला हाक मारली तर आधी वाटलं त्याला, मी पडले.

आयव्हर म्हणाला, आईची असेल. किंवा तिच्या आधीचीची.
तेव्हा राख, फुटकं तुटकं, सगळं इथेच टाकायचे.
मी त्या आधीचीचा विचार करत उभी राहिले,
हात फेसाचे, कुणीतरी मधेच रडलं,
बशी निसटली,
आणि फरशीवर पसरलेल्या निळ्याकडे बघून
ती काय म्हणाली असेल? काही नाही. केरसुणी आणली असेल.

माझी भांडी फुटत नाहीत, स्टीलची आहेत.
पण साळिंदराच्या त्या छोट्या भावंडासाठी,
इथल्या हेजहॉगसाठी, पाणी ठेवायची वाटी
गेल्या शरदात नाहीशी झाली.
लग्नातली. पोटावर कोरलेलं,
चि. सौ. कां. शरयूस, मावशीकडून, १९७९.
दोन दिवस शोधली, मग फावडं ठेवून दिलं.
असू दे मातीत.
शंभर वर्षांनी कुणी बटाटे काढील,
नळाखाली धरील, अंगठ्याने चोळील,
अक्षरं लागणार नाहीत,
तरी खिडकीत ठेवील, पुसून.

उजेड आहे अजून तासभर.
लसूण लावून घेते.